भिंतीसकट घर

किरा-स्तमाताचं, म्हणजे स्तमाताबाईचं, नाव तिच्या बापानं रागाच्या भरात ठेवलं. लागोपाठ तिसरी मुलगी झाली, तेव्हा चर्चमधल्या पाण्याच्या कुंडापाशी उभं राहून त्यानं पाद्र्याला सांगितलं, हिचं नाव स्तमाता, म्हणजे 'थांब'. मुली थांबल्या हे खरं, पुढच्या खेपेला मुलगाच झाला. पण जिचं नाव थांब होतं ती स्वतः काही आयुष्यात कुठं थांबली नाही. बोलायची थांबली नाही, चढण चढायची थांबली नाही, आणि खालच्या घरातल्या गारुफालियाशी भांडायची तर मुळीच थांबली नाही.

सामोस बेटावरच्या आमच्या पानोव्रिसी गावात घरं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली आहेत. वरच्या घराचं अंगण जिथं संपतं तिथं एक दगडी बांधाची भिंत, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी खालच्या घराचं परसू. म्हणजे वरच्यानं शिंकलं की खालच्याच्या सूपमध्ये पडतं. अशा गावात माणसानं एक तर संत व्हावं किंवा भांडखोर. आमच्याकडं संत फक्त भिंतीवरच्या तसबिरींत आहेत.

स्तमाता आणि गारुफालिया यांच्यामधल्या भिंतीला पोट सुटलं होतं. एका हिवाळ्यात पावसानं वरची माती फुगली, तेव्हापासून ती भिंत खालच्या अंगावर झुकत चालली. दरवर्षी दोनचार दगड गारुफालियाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर येऊन पडायचे. गारुफालिया म्हणे, भिंत वरचीची, तिनं बांधावी. स्तमाता म्हणे, भिंत ज्याच्या डोळ्यासमोर असते त्याची, आणि माझ्या अंगणातून ती मला दिसतसुद्धा नाही. त्यातून त्या भिंतीच्या फटीत कुणी न लावता एक अंजिराचं झाड उगवलं. मूळ भिंतीत, फांद्या खाली परसात, आणि अंजिरं अशी की साखर लाजेल. आता गंमत बघा. भिंत दोघींनाही नको होती आणि अंजीर दोघींनाही हवं होतं. तीसेक वर्षं हा खटला चालला, आणि न्यायाधीश आम्ही सगळे होतो, कारण आम्हाला दुसरी करमणूक नव्हती.

दोघी एकमेकींशी थेट बोलत नसत. लेकी बोले सुने लागे, हे आमच्याकडं लेकींवाचूनही जमतं. स्तमाता तिच्या शेळीशी बोलायची आणि गारुफालिया कोंबडीशी. "बघ गं शेळे, काही माणसं फुकटची अंजिरं खाऊन गालांनी गोल झाली," असं वरून आलं, की खालून कोंबडीला सांगितलं जायचं, "तू अंडं घाल बाई निवांत, दगड पडलाच तर तुला काय, तू पाखरू, आपलं तर डोकं फुटायचं." अशी दोन मुकी जनावरं आमच्या गावात सगळ्यात जास्त ऐकून होती.

एखाद्या वर्षी गारुफालिया फारच चिडली, की कोंबडी बाजूला ठेवून थेट वर बघून ओरडायची. तुझ्या बापानं तुला घर दिलं तेव्हा भिंतीसकट दिलं, अंगणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, मी ऐकलंय, असं ती म्हणायची. यावर स्तमाताचं उत्तर ठरलेलं. कमरेवर हात ठेवून ती एकच वाक्य बोलायची.

"दाखव कागद."

आणि गारुफालिया गप्प बसायची, कारण कागद तिच्याकडं कुठला असणार. कागद स्तमाताकडंच होता.

त्या कागदाची गोष्ट अशी. आमच्या बेटावर घर मुलीबरोबर जातं. हुंड्यात घर द्यायचं आणि नवऱ्यानं सासुरवाडीच्या त्या घरात येऊन राहायचं. त्यामुळं आमच्याकडं सगळेच पुरुष घरजावई. ती इथं शिवी नाही, रीत आहे. स्तमाताच्या दोघी थोरल्या बहिणी ऑस्ट्रेलियाला गेल्या, त्यांनी हुंडा म्हणून बोटीचं तिकीट घेतलं. धाकट्या भावाला, निकितासला, खालचा द्राक्षमळा मिळाला. तो त्यानं विकला आणि अथेन्सला जाऊन दुकान टाकलं. घर राहिलं स्तमाताला. तिचं लग्न पोलिख्रोनिसशी ठरलं, तेव्हा बापानं शाळेच्या मास्तरांकडून हुंड्याचा कागद लिहवून घेतला आणि अंगणात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला: चादरी, तांब्याची पातेली, माग, आणि घर, रस्त्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीसकट. मास्तरांनी सही केली, दोघा म्हाताऱ्यांनी सही केली, दारू फिरली, झालं. नोटरीकडं जायचं तर खाली वाथी बंदरापर्यंत गाढवावरून जावं लागे, आणि ज्या गावानं कानांनी ऐकलंय त्याला शिक्का कशाला, असं बापाचं म्हणणं.

म्हणजे भिंत कुणाची हे स्तमाताला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हे ती कुणाला सांगत नव्हती एवढंच. ज्यांनी ऐकलं ते सगळे हळूहळू कबरस्तानात गेले. उरली फक्त गारुफालिया, जी तेव्हा पोरगी होती आणि त्याच भिंतीवर पाय सोडून बसली होती.

कागद सांभाळायचं काम पोलिख्रोनिसचं. हा माणूस स्वभावानं इतका संशयी, की स्वतःच्या गाढवाच्याही पाठीमागून जात नसे. त्यानं कागदाची घडी घालून तंबाखूच्या पत्र्याच्या चपट्या डबीत ठेवली, आणि डबी लग्नाच्या सुटाच्या आतल्या खिशात. सूट वर्षातून एखाद्या वेळी बाहेर निघतो, तिथं कुणाचा हात जात नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब बरोबर होता. फक्त एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. सूट माणूस शेवटचा एकदा घालतो तेव्हा तो स्वतः घालत नाही, दुसरे घालतात.

एका सप्टेंबरात द्राक्षं तोडता तोडता पोलिख्रोनिस मळ्यातच बसला तो उठला नाही. बायकांनी त्याला धुतलं, सूट चढवला. त्यातल्या एकीच्या हाताला खिशात काहीतरी टणक लागलं. ती म्हणाली, सिगारेटची डबी दिसतेय, असू दे बिचाऱ्याला बरोबर. सगळ्याजणी रडत रडत हो म्हणाल्या. स्तमातासुद्धा हो म्हणाली.

पुरून परत आल्यावर चर्चच्या दालनात कॉफी वाटली, ब्रँडी वाटली. स्तमातानं कप तोंडाशी नेला आणि तो तिथंच थांबला. आयुष्यात ती पहिल्यांदा थांबली, ती तेव्हा. पोलिख्रोनिस घर घेऊन गेला होता.

तिनं बराच काळ हे कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस पाद्रीणबाईला, म्हणजे पाद्रीबाबांच्या बायकोला, विश्वासात घेऊन सांगितलं. पाद्रीणबाईला विश्वासात घेणं म्हणजे चर्चची घंटा वाजवणं. संध्याकाळपर्यंत कॉफीच्या दुकानात बारबा-इग्नातिस, म्हणजे दुकानाचा म्हातारा मालक, गिऱ्हाइकांना सांगत होता, की गावातला सगळ्यात श्रीमंत मेलेला माणूस आता पोलिख्रोनिस, त्याच्या खिशात दोन मजली घर आहे. काही दुष्ट लोक असंही म्हणाले, की भिंतीची ओळ पुरायला याहून चांगली जागा स्तमाताला मिळाली नसती. ते दुष्ट लोक कोण ते आम्ही सांगणार नाही. एकाच गल्लीत राहायचं आहे.

तसं काही बिघडलं नव्हतं. कागद असो नसो, छप्पर स्तमाता शाकारत होती, कर ती भरत होती, दार ती उघडत होती. पण सरकारनं नवी जमीन-नोंदणी काढली. कुणाचं काय ते सांगा, कागद लावा. जे कुणाचंच निघणार नाही ते सरकारचं. त्याच सुमारास स्तमाताची मुलगी एव्हान्थिया थेसालोनिकीहून फोन करू लागली. नवऱ्याची नोकरी गेली, भाडं परवडत नाही, गावात येऊन खालच्या मजल्यावर पाव-बिस्किटांची भट्टी घालावी असं म्हणत होती. स्तमाताला तेवढंच हवं होतं. तिच्या बापानं घर तिला दिलं, तिनं एव्हान्थियाला द्यायचं, आणि आपण डोळ्यांनी बघायचं. मेल्यावर देण्यात काय मजा, असं ती म्हणे. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही.

ती वाथीला नोटरी मार्गेलीबाईंकडं गेली. बाई चांगल्या, पण चांगल्या माणसांनाही कागद लागतो. स्तमातानं खरं ते सांगितलं. मार्गेलीबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, "खिशात म्हणजे... कबरीत?" मग म्हणाल्या, दुसरी वाट आहे. वीस वर्षांहून जास्त काळ तुम्ही हे घर स्वतःचं म्हणून, उघडपणे, मालकासारखं वापरलं असं शपथेवर सांगणारे जुने शेजारी आणा. नात्यातले नकोत. एक तरी असा हवा ज्याची हद्द तुमच्या हद्दीला लागून आहे.

गावात आता उरलोत किती. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पडकं घर, ज्याचे वारस मेलबर्नमध्ये. हद्द लागून असलेला जिवंत शेजारी एकच. भिंतीखालचा.

एव्हान्थियानं फोनवर आईला विनवलं, की जा, चार पायऱ्या उतर आणि बोल. स्तमाता म्हणाली, मी त्या पायऱ्या तिच्या नवऱ्याच्या मयताला उतरले होते, आता तिच्या मयताला उतरेन.

आणि अशात आर्गिरिस आला. निकितासचा मुलगा, म्हणजे स्तमाताचा भाचा. अथेन्सला असतो, गुळगुळीत दाढी, मऊ बूट. बापाच्या वाटचा मळा विकून खाल्ला होता, आता आयत्या बिळावर नागोबा व्हायला निघाला. त्याला उत्तरेकडच्या देशातलं एक जोडपं भेटलं होतं, ज्यांना समुद्र दिसणारं दगडी घर हवं होतं आणि खिडक्या निळ्या हव्या होत्या. आमच्या गावात खिडक्या कधी निळ्या नव्हत्या, पण गिऱ्हाइकाला कोण शिकवणार.

तो स्तमाताच्या ओट्यावर बसला, तिनं केलेला चेरीचा मुरंबा चमच्यानं खाल्ला, पाणी प्याला, आणि अगदी हळू आवाजात बोलला. घर आजोबांचं. आजोबांनी वाटणी केली असं म्हणतात, पण म्हणण्याला काय अर्थ. तू राहिलीस, घरच्यांनी राहू दिलं, कुणी काही बोललं नाही. निम्मं माझ्या बापाचं, म्हणजे माझं. विकू, वाटून घेऊ, तुला म्हातारपणाला होतील.

स्तमातानं त्याला मळ्याची आठवण दिली. त्यानं मान हलवली, जणू मळा हा कुणा दुसऱ्याच्या स्वप्नातला होता.

"थिया, मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. आमच्याकडं आत्याला थिया म्हणतात. "मला फक्त कागद दाखव."

हे तिचंच वाक्य. तीस वर्षं ती ते खाली फेकत आली होती, आणि आज ते वरच्या ओट्यावर येऊन तिच्याच समोर बसलं होतं, तिचीच चेरी खात. खाली परसात कोंबड्या कुरकुरल्या, आणि एक माणूस हसल्याचा आवाज आला. तो आवाज स्तमातानं ओळखला.

तिनं भाच्याच्या हातातली बशी काढून घेतली, चमचासुद्धा. "चेरी माझ्या झाडाची आहे," ती म्हणाली, "तिचाही कागद नाही. ऊठ."

आर्गिरिस उठला, पण बोट काही पकडली नाही. दुसऱ्या दिवशी तो हातात मिठाईचा मोठा डबा घेऊन गारुफालियाच्या पायऱ्या उतरला. आमच्या खिडकीतून तिचं परसू दिसतं. आम्ही बघत नाही, दिसतं. त्यानं हातवारे करून भिंत दाखवली, हातानं ती सरळ केली, सिमेंट ओतल्यासारखं केलं. अर्थ लावायला शहाणपण लागत नव्हतं. शपथेवर एवढंच सांगायचं, की स्तमाता त्या घरात बापाच्या कृपेनं राहत होती; मग नवे मालक भिंत नवी बांधून देतील, तुझी दमडी लागणार नाही. गारुफालियानं डबा उघडला, एक मिठाई तोंडात टाकली, दुसरी टाकली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रोज संध्याकाळी ती खुराड्याशेजारी बसून त्या डब्यातलं एकेक खायची आणि भिंतीकडं बघायची. स्तमाता वरून तिचा जबडा हलताना बघायची.

बारबा-इग्नातिसनं सुचवलं, की पोलिख्रोनिसला आत्ताच काढा, खिसा बघा. तसंही आमचं कबरस्तान छोटं आहे. काही वर्षांनी प्रत्येकाला मातीतून वर काढावंच लागतं, हाडं वाइननं धुवायची आणि पेटीत घालून चर्चमागच्या अस्थिघरात ठेवायची, म्हणजे पुढच्याला जागा होते. पण पोलिख्रोनिसची पाळी अजून आली नव्हती. स्तमाता म्हणाली, जिवंतपणी दुपारच्या झोपेतून उठवलं तर तो दोन दिवस बोलत नसे. कागदासाठी मी त्याला उठवणार नाही.

उठवायची वेळ मग आपोआप आली. हिवाळ्यात गावातली दोन माणसं गेली, जागा हवी होती, आणि पाद्रीबाबांनी जाहीर केलं, शनिवारी पोलिख्रोनिस. एरवी अशा वेळी घरचे चौघे असतात. त्या शनिवारी सगळा गाव होता, काठ्या टेकत, खोकत, जणू काही नाटक लागलंय. आर्गिरिसही होता, नाकाला रुमाल लावून. गारुफालिया शेजारच्या आपल्या नवऱ्याच्या कबरीवरचा दिवा पुसत होती. तो दिवा आधीच इतका लख्ख होता की त्यात तिला आमची तोंडं दिसत असावीत.

हाडं स्वच्छ निघाली, पिवळसर, मेणासारखी. बायका पुटपुटल्या, सुटला, देवानं माफ केलं. कवटी पहिल्यांदा स्तमाताच्या हातात दिली. मग बटणं आली, बुटाचे तळ आले, आणि मग गंजून लाल झालेली चपटी डबी. पाद्रीबाबांनी चाकूच्या टोकानं झाकण उचकटलं.

आत कॉफीच्या गाळासारखा एक काळा लगदा होता.

सगळे वाकून बघू लागले. बारबा-इग्नातिस म्हणाला, गावात कपातला गाळ बघून भविष्य सांगणाऱ्या इतक्या बायका आहेत, यात काही दिसतंय का बघा गं. कुणी हसलं नाही. आर्गिरिसनं रुमाल काढला, घडी घातली, आणि खरंच वाईट वाटल्यासारख्या आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं, थिया."

स्तमाता उत्तर द्यायच्या आधी कवटी धुवत राहिली. कपाळावरून वाइन ओतली, अंगठ्यानं डोळ्यांच्या खाचा पुसल्या, जशी ती पोराचं तोंड धुवायची. नवऱ्याला म्हणाली, नेलंस ते नेलंस, निदान नीट तरी ठेवायचं. आणि तिला स्वतःची लाज वाटली, कारण पोटात दुःखाच्या शेजारी एक लहानसा सुटकेचा उंदीरही पळून गेला होता: भिंतीची ओळसुद्धा त्या लगद्यात होती. तिनं त्या उंदराला मनातल्या मनात शेपटीला धरून बाहेर फेकलं. अर्ध्या घरापेक्षा अख्खी भिंत बरी.

"सोमवारी नोटरीकडं ये," ती भाच्याला म्हणाली. "कागद मेला. मी अजून मेले नाही."

म्हणायला ती म्हणाली, पण सोमवारी बरोबर न्यायचं कुणाला? इग्नातिस तयार होता, पण त्याचं दुकान चौकात, हद्द नाही. रविवारी दुपारी एव्हान्थिया फोनवर पुन्हा विनवू लागली. स्तमाता फोन ठेवून अंगणाच्या कडेला गेली, शेळीच्या गळ्यातली दोरी उगाच सोडली, उगाच बांधली, आणि गावाला ऐकू जाईल असं बोलली. "शेळे, उद्या सकाळच्या बसनं वाथीला जायचंय. कुणाला यायचं असेल त्यानं यावं. मी कुणाच्या पाया पडणार नाही. पडले तर माझं नाव बदला."

खालून उत्तर आलं.

"कोंबडे, ऐकलंस का? आता राण्या शेळीच्या तोंडून आमंत्रण धाडतात."

सोमवारी सकाळी बस चौकात उभी होती. पहिल्याच बाकावर गारुफालिया बसलेली, मयताला घालायचा काळा झगा घालून, मांडीवर तो मिठाईचा डबा. स्तमाता तिच्याकडं न बघता मागं जाऊन बसली. वाथीपर्यंत घाटात एकूण वळणं किती ते आम्हाला माहीत नाही, पण प्रत्येक वळणावर स्तमाता त्या डब्याकडं बघत होती. गाव विकलं जातं ते मिठाईनंच, असं तिला वाटत होतं.

नोटरीच्या खोलीत आर्गिरिस आधीच येऊन बसला होता. गारुफालियानं आत शिरल्या शिरल्या डबा त्याच्या मांडीवर ठेवला. तो उघडला तर रिकामा. "डबा चांगला आहे, तुझ्या बायकोला बटणं ठेवायला होईल," ती म्हणाली. "आतलं गोड होतं."

इग्नातिसनं त्याला ठाऊक होतं ते सांगितलं: स्तमाताला तो वीस वर्षांहून जास्त काळ त्या घरात बघतोय, छप्पर तीच घालते, भाडं तिनं कुणाला दिलेलं नाही. मग मार्गेलीबाई गारुफालियाकडं वळल्या. नाव, वय, शपथ. मग नेहमीचा प्रश्न: अर्जदार बाईशी तुमचं नातं किंवा वैर आहे का?

"वैर आहे," गारुफालिया म्हणाली.

मार्गेलीबाईंचं पेन थांबलं. आर्गिरिसनं पाय लांब केले.

"तीस वर्षांचं," गारुफालिया म्हणाली. "आणि ते ह्या घरावरूनच आहे, म्हणून तर मी आले. बाई, नीट लिहून घ्या. हा मुलगा म्हणतो, ती तिथं कुणाच्या तरी कृपेनं राहत होती. मग मी तीस वर्षं भांडले कुणाशी? पाहुणीशी? भाडेकरणीशी? माझ्या खुराड्यावर दगड पडले ते कुणाचे, ह्याच्या आजोबांचे? ते तर मेले तेव्हा मी बाहुल्या खेळत होते. मी शिव्या दिल्या त्या घरमालकिणीला दिल्या. मी काय असल्या-तसल्या बाईशी वैर धरीन?"

स्तमाता आपल्या चपलांकडं बघत होती.

"आणि कागद म्हणाल तर," गारुफालिया पुढं म्हणाली, "तो मला पाठ आहे. मी तेव्हा भिंतीवर बसले होते. आमच्या बापाकडं मला द्यायला एक खाट होती, आणि हिचा बाप वाचत होता, वाचत होता, संपतच नव्हतं." तिनं डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं, स्तमाताच्या बापाच्याच चालीत. चादरी, उशांचे अभ्रे भरतकामाचे, तांब्याची पातेली, एकाचं झाकण नाही, माग, पिठाची परात. हेव्याला विसर पडत नाही. "आणि घर, रस्त्यापासून भिंतीपर्यंत. भिंतीसकट."

शेवटचा शब्द म्हणताना तिनं डोळे उघडले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, शेळी-कोंबडी मध्ये न घेता, स्तमाताकडं शांतपणे बघितलं.

मार्गेलीबाई स्तमाताकडं वळल्या. हद्द पक्की झाल्याशिवाय पुढं जाता येत नाही, त्या म्हणाल्या. साक्षीदार म्हणतात तसं आहे का? भिंतही तुमची?

आर्गिरिस पुढं झुकला. त्याला कळलं होतं की आता दार थोडं उघडलंय. ह्या दोघी भिंतीवरून भांडल्या तर हद्द वादात, हद्द वादात तर सगळं वादात, आणि निळ्या खिडक्या अजून लागू शकतात.

स्तमाताला सगळं दिसत होतं. हो म्हटलं की तीस वर्षं खोटी पडली, तीही हिच्यासमोर. हो म्हटलं की गवंडी आला, दगड आले, चुना आला, आणि खुराडंही भरून द्यावं लागणार. नाही म्हटलं की एव्हान्थियाची भट्टी गेली. ती ताठ बसली.

"भिंत माझी," ती म्हणाली.

गारुफालियानं सुस्कारा सोडला, जणू तीस वर्षांचा दगड पायावरून उतरला.

"आणि भिंतीतून उगवलेलं अंजीर," स्तमाता पुढं म्हणाली, "मुळापासून शेंड्यापर्यंत, खाली लोंबणाऱ्या फांद्यांसकट, तेही माझं. तेही लिहा बाई."

"अंजीर वाचलं नव्हतं," गारुफालिया ताडकन म्हणाली. "तेव्हा ते नव्हतंच."

"भिंतीसकट म्हणजे भिंतीत जे आहे त्यासकट. तूच शपथेवर सांगितलंस."

मार्गेलीबाईंनी दोघींकडं पाहिलं, मग अंजीरही लिहिलं. आर्गिरिस रिकामा डबा काखेत घेऊन दुपारच्या बोटीनं गेला. नंतर त्यानं एकदोनदा वकिलाच्या गोष्टी केल्या म्हणे, पण बाईच्या वैऱ्यानंच बाईची साक्ष दिल्यावर वकील तरी काय करणार.

वसंतात एव्हान्थिया सामान घेऊन आली. त्याच आठवड्यात गवंडी आला, भिंत बघून म्हणाला, हे झाड तोडल्याशिवाय ही भिंत उभी राहायची नाही. वरून शेळीला सांगितलं गेलं, की अंजिराला कुणी हात लावला तर त्या हाताचं काय होईल. त्याच क्षणी खालून कोंबडीला तेच सांगितलं गेलं, फक्त शब्द जास्त वाईट होते. गवंड्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि झाडाभोवतीनं भिंत बांधली. ती आजही तिथं जरा वाकडी आहे.

घर एव्हान्थियाच्या नावावर झालं त्या दिवशी स्तमातानं तिला किल्ली दिली आणि बजावलं, की मी मेले की कुठलेही कपडे घाला, पण आधी खिसे बघा. मग ऑगस्ट आला, अंजिरं पिकली, आणि गारुफालिया सवयीप्रमाणे खालची फांदी ओढून खाऊ लागली. स्तमातानं शेळीला मोठ्यानं विचारलं, की चोरीला आजकाल शिक्षा काय असते. खालून कोंबडीला उत्तर मिळालं, "आता म्हणे कागद आहे हिच्याकडं. दाखव म्हणावं."

स्तमाता आत गेली, चष्मा लावून, नोटरीचा कागद घेऊन आली. अंगणाच्या कडेला उभी राहिली, जिथं तिचा बाप उभा होता तिथं, आणि मोठ्यानं वाचू लागली. रस्त्यापासून भिंतीपर्यंत, सगळं, प्रत्येक ओळ. एव्हान्थिया पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. आम्ही सगळे खिडकीत. गारुफालिया खुराड्याशेजारी बसून ऐकत होती, तोंडात अंजीर. स्तमाता एका जागी अडखळली तेव्हा खालून, तोंड भरलेलं असतानाच, पुढचा शब्द आला.

"भिंतीसकट," गारुफालिया म्हणाली, आणि दुसरं अंजीर तोडलं.